चिंचेवालं कॉलेज शेवटी

गारखेड्यात माझी पिठाची गिरणी आहे आणि गिरणीत एक काळा फळा आहे. फळा माझा, खडू माझा. त्यावर काय लिहायचं ते मात्र दिवाळी झाली की आमच्या गल्लीतले मगरेभाऊ ठरवतात.

एरवी त्या फळ्यावर 'बाजरी दुपारनंतर' आणि 'लाईट गेल्यास गिरणी जबाबदार नाही' एवढंच असतं. दारावरचा आकाशकंदील उतरला की एका सकाळी मगरेभाऊ गव्हाचा डबा काट्यावर ठेवतात, खिशातला रुमाल काढतात, माझी बाजरी पुसतात आणि शहरातल्या, आसपासच्या कॉलेजांच्या पोरींच्या बेसबॉल टीमचे नंबर लिहायला घेतात. स्पर्धा अजून सुरू व्हायची असते. कुणी एक बॉलसुद्धा टाकलेला नसतो. यांचा पहिला कोण, दुसरा कोण, सगळं ठरलेलं.

बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा चुलतभाऊ, हे मला त्यांनीच सांगितलं. पिचर बॉल फेकतो, समोरचा गोल दांड्यानं मारतो आणि पळत सुटतो, आणि पिचरसमोर उकिडवा बसून बॉल झेलतो तो कॅचर. मगरेभाऊ आपल्या काळी कॅचर होते. बॉल लागून त्यांची उजवी करंगळी कायमची वाकडी झालीय. ती करंगळी ते ओळख करून देताना आधी दाखवतात, नाव नंतर सांगतात. आता वाळूजला एका कंपनीच्या स्टोअरात आहेत. पण तुम्ही विचारलं, 'भाऊ, काय करता?' तर म्हणतील, 'कॅचर व्हतो.'

फळ्यावर ते कॉलेजांची खरी नावं लिहीत नाहीत. खरी नावं लिहिली तर प्राचार्य भांडायला येतील, असं त्यांना वाटतं. म्हणून पुलाजवळचं, टेकडीवालं, कन्नडचं, देवगाव रंगारीवालं, आणि फाटकाशी चिंचेचं झाड आहे ते चिंचेवालं. आता गिरणीच्या फळ्यावर एकाखाली एक नंबर दिसले की गिऱ्हाईक काय समजणार? एकदा पठाणचाची तावातावानं माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "मेरे गेहूं सुबे से पडे हैं, ये कन्नडवाला कब आया जी?"

मगरेभाऊ म्हणाले, "चाची, वो टीम है."

"टीम हो या कुछ बी हो, लाइन में आने का!"

त्या दिवशी चाचींचं दळण आधी काढलं तेव्हा कुठं शांतता झाली.

बेसबॉलवरच थांबले असते तर चाललं असतं. पण या माणसाला कुठलाही हंगाम मोकळा सुरू झालेला चालत नाही. उन्हाळ्याच्या आधी गल्लीत कुणाचा कूलर पहिला बंद पडणार, नळाला पाणी यायच्या आधी कुणाची मोटार जळणार, लग्नसराईच्या आधी कुठल्या आचाऱ्याची डाळ-बट्टी खाण्यासारखी असेल, सगळ्याला नंबर. माझ्या पुतण्यासाठी मुली बघत होतो तेव्हा भाऊंना उगाच सोबत नेलं. घरी आलो. मग म्हणाले, "ताई, दुसऱ्या घरची पोरगी पहिली. चहाचा ट्रे आणताना हात हालला नाय. कंट्रोल लई भारी हाय." आम्ही कपाळाला हात लावला. आता त्याच पोरीशी पुतण्याचा संसार सुखात चाललाय, म्हणून जास्त बोलता येत नाही.

आणि कुणी त्यांच्या नंबराला नाक मुरडलं, की ठरलेलं वाक्य यायचं. "हा हंगामाच्या आधीचा नंबर हाय. रडायचं तर हंगामानंतर रडा."

आणखी एक खोड म्हणजे माझ्या लिंबू-मिरचीशी त्यांचं वैर. गिरणीच्या चौकटीला मी दर शनिवारी लिंबू-मिरची बांधते. भाऊंच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून त्यांच्या घरात गंडा नाही, दोरा नाही, उपास-तापास नाही. भिंतीवर बुद्धाची तसबीर, कपाटात पुस्तकं. दारात आले की वर बघून म्हणणारच, "ताई, मोटारीला ग्रीस लावा. लिंबानं पट्टा तुटायचा थांबत नाय."

मी म्हणायची, "तुमच्या नंबरानं कुठं टीम जिंकतात?"

"ते शास्त्र हाय. हे अज्ञान हाय."

म्हटलं, बरं बाबा!

आता शास्त्रच म्हणता, तर त्या शास्त्रात एक गोम होती. चिंचेवालं कॉलेज दरवर्षी शेवटी. ती टीम आदल्या वर्षी फायनलला गेली तरी शेवटी, सगळ्या जुन्या पोरी टीममध्ये असल्या तरी शेवटी. आणि त्या टीमची पिचर कोण? सुजाता. मगरेभाऊंची एकुलती एक लेक.

ही पोरगी माझ्या डोळ्यांसमोर वाढली. ती शाळेत असतानाच तिची आई, शालू, आजारानं गेली. तेव्हापासून घरात हे दोघंच. पोळ्या ती लाटायची, भाजी हे करायचे, आणि संध्याकाळी गिरणीमागच्या मोकळ्या जागेत हे उकिडवे बसायचे आणि ती बॉल फेकायची. धप्प, धप्प आवाज यायचा. माझ्या मोटारीच्या आवाजातही तो ओळखू यायचा.

मागच्या वर्षी तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. याच स्पर्धेतून विद्यापीठाची टीम निवडतात. आधी दोनदा तिचं नाव थोडक्यात राहिलं होतं. त्या वर्षी झालं तर झालं, नाहीतर संपलं. अख्खं गारखेडा म्हणत होतं, यंदा चिंचेवालंच. भाऊंनी रुमालानं फळा पुसला, पुलाजवळचं पहिलं लिहिलं, टेकडीवालं दुसरं, आणि खाली खाली येत अगदी तळाला, चिंचेवालं.

लिहून खडू खाली ठेवतायत तोच सुजाता दळण न्यायला आली. तिनं फळा वाचला. बराच वेळ वाचला, वाचण्यासारखं तिथं एवढं काही नव्हतं.

"मावशी," ती माझ्याकडं बघत म्हणाली, बापाकडं नाही, "सगळं गाव म्हणू राहिलं, यंदा तुम्हीच. आणि माझा सख्खा बाप मला शेवटी टाकतो."

भाऊ म्हणाले, "हा हंगामाच्या आधीचा..."

"माझा शेवटचा हंगाम हाय पप्पा!" पोरीचा आवाज फाटला. "कामून करता असं? परक्या पोरींना पहिला नंबर देता. तुम्ही ग्राउंडवर येऊन बसले की मला वाटतं, माझी हार बघायलाच आले. यंदा येऊ नका मॅचला."

कूलरच्या नंबरावरून तासभर वाद घालणारा माणूस. मला वाटलं आता शास्त्र काढेल. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि डबा तसाच ठेवून गेले.

सेमीफायनलच्या दिवशी सकाळी मगरेभाऊ गिरणीत हजर. कंपनीला सुट्टी टाकलेली. हातात ज्वारीचा डबा. आता यांच्या घरी आदल्याच दिवशी ज्वारीचं पीठ गेलेलं, मीच दळलेलं. पण मी काही बोलले नाही. डबा ओतला, मोटार लावली. ते स्टुलावर बसले, उठले, पुन्हा बसले. तिकडं मैदानावर पोरगी खेळत होती आणि इकडं हा बाप माझ्या गिरणीत पीठ पडताना बघत होता.

चौकटीवरच्या लिंबू-मिरचीचा दोरा सुटून एका बाजूला लोंबत होता. मी ज्वारी सारखी करत होते. मान वर केली तर काय, मगरेभाऊ टाचा उंचावून तो दोरा नीट बांधतायत. गाठ पक्की बसली की नाही ते ओढून बघतायत!

मी मोटारच बंद केली.

"भाऊ, काय चाललंय?"

चोरी सापडल्यासारखे स्टुलावर बसले आणि बोलू लागले. एवढं हळू त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"शालू तीट लावायची पोरीला. गालावर काजळाचा ठिपका. मी लई चिडायचो. म्हणायचो, आपल्या घरात असलं चालत नाय. शाळेत सोडायला न्यायचो तेव्हा कोपऱ्यावर गाडी थांबवून रुमालानं पुसायचो. ती रोज लावायची, मी रोज पुसायचो. मग ती गेली. पुसायला काही राह्यलंच नाय."

"पोरगी कॉलेजात गेली, पिचर झाली. जो तो म्हणे, काय हात हाय पोरीचा, काय हात हाय! मला रात्री झोप लागंना. आम्हालाबी आमच्या टायमाला सगळ्यांनी पहिला नंबर दिला व्हता. पहिल्याच मॅचला घरी आलो. आता घोड्याएवढ्या पोरीच्या गालाला काजळ कसं लावू? आणि कोणत्या तोंडानं? फळ्यापुढं उभा राह्यलो. वर चिंचेवालं लिहायला गेलो आणि हात खालीच गेला. शेवटी लिहिलं की कुणाची नजर जात नाय तिच्यावर." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "शास्त्र मला पटतं ताई. पण पोरगी एकच हाय."

माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि पीठ गेलं म्हणून मी पदर लावला.

जाताना म्हणाले, "सुजाताला सांगू नका." आता गिरणीवाल्या बाईला असं सांगायचं असतं का? गिरणीत काही साठत नाही. वरून पडलं की खालून बाहेर. संध्याकाळी बाप विसरलेला डबा न्यायला सुजाता आली. सेमीफायनल जिंकल्या होत्या, तरी तोंड उतरलेलं. मी तिला स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. तीट सांगितली, रुमाल सांगितला, लिंबाची गाठसुद्धा. ती फळ्याकडं बघत राहिली. मग गालावरून हात फिरवला, जिथं आई ठिपका लावायची तिथंच. आणि डबा उचलून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी फायनल. मी गिरणी बंद ठेवली. 'मॅच आहे' असं फळ्यावर लिहिलं, बेसबॉलसाठी बंद राहिलेली गारखेड्यातली पहिलीच गिरणी असेल. मैदानावर गेले तर मगरेभाऊ आलेले, पण फाटकापाशी, आत यायचं धाडस नाही. तेवढ्यात सुजाता खेळायच्या कपड्यांत सरळ फाटकाकडं आली. हातात काजळाची डबी.

"पप्पा, ऊन लई हाय. डोळ्यांवर चमकतं. खेळाडू डोळ्यांखाली काळं लावतात, तुम्हाला माहीत हाय ना? लावून द्या."

भाऊंनी माझ्याकडं बघितलं. मी चिंचेकडं बघत असल्याचं सोंग केलं, आणि तिथं चिंच नव्हतीच.

"हे शास्त्रीय हाय, ताई," ते मला बजावून म्हणाले. "यानं ऊन डोळ्यांत जात नाय."

"व्हय तर," मी म्हटलं.

वाकड्या करंगळीनं त्यांनी एका डोळ्याखाली काळी रेघ ओढली, मग दुसऱ्या. सुजाता डोळे मिटून उभी होती. रेघा झाल्या, तरी करंगळीला काजळ उरलं होतं. त्यांनी हळूच तिचे केस बाजूला केले आणि कानामागं एक ठिपका लावला. कानामागं ऊन चमकत नाही, एवढं गिरणीवालीलाही कळतं.

त्या दिवशी चिंचेवालं हरलं. अगदी थोडक्यात, एका रननं. जिंकलं पुलाजवळचं. भाऊंचा पहिला नंबर बरोबर आला होता आणि त्यांचं तोंड बघवत नव्हतं. पण संध्याकाळी विद्यापीठाच्या टीमची नावं वाचली, त्यात सुजाता मगरे होती. बाप रडला. मी म्हटलं, रडा आता, हंगाम झाला.

परीक्षा झाल्यावर सुजाताला नाशिकच्या एका शाळेत लहान पोरींना बेसबॉल शिकवायचं काम मिळालं. ती गेली. गिरणीमागं आता धप्प आवाज येत नाही. भाऊंच्या घरचं दळणही पावशेर-अर्ध्या किलोवर आलंय. एकटा माणूस किती खाणार? तेवढंसं दळण मी दुसऱ्याच्या धान्यात मिसळू देत नाही, वेगळं काढते.

यंदा दिवाळी झाली. मगरेभाऊ आले, रुमाल काढला, माझी बाजरी पुसली. आणि पहिल्या ओळीत लिहिलं, चिंचेवालं.

मी म्हटलं, "अरेच्चा! पहिला नंबर?"

"आता तिथं आपलं कोण हाय ताई?" ते म्हणाले. "आता देता येतो."

मग पुलाजवळचं, टेकडीवालं, देवगाव रंगारीवालं, कन्नडचं, सगळी लिहून झाली. तरी खडू खाली ठेवेनात. शेवटी वाकले आणि अगदी तळाला, फळ्याच्या चौकटीला टेकून लिहिलं, 'नाशिकची शाळा'.

"भाऊ, ही तर पोरींची शाळा. कॉलेजांच्या स्पर्धेत ही कुठून आली?"

त्यांनी हाताची खडूची भुकटी झटकली. "असू द्या," म्हणाले. "खाली जागा व्हती."

ती ओळ मी अजून पुसलेली नाही. बाजरीचं आता दारावर लिहिते.