दोनशे तीसचा दाब

मास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण इंग्रजी शब्दाला ते अजूनही वर्गाबाहेर उभं करत. आयुष्यभर विजेचं तंत्र शिकवलेलं. ट्रान्सफॉर्मरला रोहित्र, व्होल्टेजला दाब आणि कॉइलला वेटोळं म्हणायचं, हा त्यांचा दंडक. कोपऱ्यावरच्या विजेच्या सामानाच्या दुकानदाराला त्यांनी इतकं दामटलं होतं, की तो बिचारा इतर गिऱ्हाइकांनाही रोहित्र हवंय का विचारायचा. मास्तरीणबाई मात्र या भाषेपासून चार हात लांब राहिल्या होत्या. संसार सुरळीत चालण्याचं तेही एक कारण होतं.

त्या सकाळी त्या भांडी लावत होत्या आणि मास्तर व्हरांड्यात दबक्या आवाजात फोनवर बोलत होते.

"दाब दोनशे तीस आहे हो. तो खाली आणायलाच हवा... आतलं वेटोळंच जळालंय. छे, हिला काही बोललो नाही. कळलं तर संपलंच सगळं."

बाईंच्या हातातलं ताट हातातच राहिलं. शेजारच्या काकांना रक्तदाब एकशे ऐंशीवर गेला तेव्हा उचलून न्यावं लागलं होतं. इथे दोनशे तीस, आणि वर पोटातलं वेटोळं जळालेलं.

खरी गोष्ट साधी होती, आणि फोनवर कोपऱ्यावरचा दुकानदार होता. मास्तरांनी फाटकाला मोटर बसवली होती. मोटर घरच्या दोनशे तीस व्होल्टवर चाले, पण बाहेरच्या बटणाला तेवढी वीज दिली तर बटण दाबणारा पाहुणा जागीच आडवा व्हायचा. म्हणून बटणापुरते बाराच व्होल्ट, आणि ते काढून देणारं एक छोटं रोहित्र. त्याच रोहित्रावर मास्तरांनी हौसेने बागेतले दिवेही चढवले आणि ते जळालं. आता फाटक उघडत नव्हतं. हाताने उघडायची सोय त्यांनीच 'हवीय कशाला' म्हणून काढून टाकली होती. आणि बाईंनी आधीच बजावलं होतं, की पुन्हा बिघडलं तर वेल्डरला बोलावून साधी कडी लावून घेईन.

बाईंनी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि धाकट्या भावाला फोन लावला. भाऊ डॉक्टर होता.

"ताई, त्यांना झोपवून ठेव. अजिबात हलू देऊ नकोस. मी अँब्युलन्स घेऊन निघालो."

बाई व्हरांड्यात आल्या. डोळे भरून आले होते. "अहो, आत येऊन पडा. मला सगळं कळलंय."

मास्तरांनी फोन पाठीमागे लपवला. "सगळं?"

"सगळं. रागावले नाहीये मी. लपवलंत, त्याचं वाईट वाटतं."

मास्तर निमूटपणे पलंगावर आडवे झाले. बायको एवढी शांत म्हणजे वेल्डर निघालेला दिसतोय, असं त्यांना वाटलं. ते अजिजीने म्हणाले, "अगं, एवढं काही नाही. जुनं काढून टाकायचं, नवीन बसवायचं."

"नवीन बसवतात?" बाईंनी पलंगाची कड धरली.

"तासाभरात. मी स्वतःच बसवीन."

"तुम्ही? स्वतःचं स्वतः?"

"मग, माणूस कशाला बोलवायचा? पिळाचे चार खिळे तर आहेत."

दाब डोक्यात चढला, बाईंनी ओळखलं. त्यांनी नवऱ्याच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला आणि तोंड फिरवून डोळे पुसले. हा माणूस गेला तर आपण कोणावर चिडायचं, हे काही त्यांना सुचेना.

इतक्यात बाहेर भोंगा वाजला. फाटकापाशी अँब्युलन्स उभी होती आणि डॉक्टर बटण दाबून दाबून थकला होता.

"ताई, फाटक उघड ना! स्ट्रेचर आत कसं न्यायचं?"

"उघडायचं कसं?" बाई रडकुंडीला आल्या.

रुमाल तसाच कपाळाला धरून रुग्णच तरातरा बाहेर आला. "बटणाला दाब नाही. बारा हवा. तुमच्या गाडीचा विद्युतघट किती दाबाचा?"

"बॅटरी? बाराची," ड्रायव्हर म्हणाला.

"मग तारा द्या इकडे."

गजांमधून दोन वायरी आत आल्या. मास्तरांनी त्या रोहित्राच्या जागी टेकवल्या, डॉक्टरने बटण दाबलं आणि फाटक आज्ञाधारकपणे सरकलं. मास्तरांचा चेहरा फुलला. डॉक्टरने मात्र आधी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

"एकशे वीस. भावोजी, दोनशे तीस कुणाचा?"

"घराचा," मास्तर म्हणाले. "आणि वेटोळं रोहित्राचं."

बाई पायरीवर मटकन बसल्या. आधी रडल्या, मग हसल्या, मग दोन्ही एकदम. अंगावरून डोंगर उतरावा तसं त्यांना हलकं वाटत होतं.

"वेल्डरला आता नाही बोलवत," त्या म्हणाल्या. "बसवा तुमचं नवीन. पण आजपासून या घरात व्होल्टेजला व्होल्टेजच म्हणायचं. शप्पथ घ्या."

मास्तर वाद घालायच्या तयारीत होते. पण बायकोचे डोळे अजून ओलेच होते. त्यांनी सगळ्यांसमोर दुकानदाराला फोन लावला आणि एकेक अक्षर जड जिभेने उच्चारलं. "मला एक बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर हवाय."

पलीकडून दुकानदार काळजीने म्हणाला, "मास्तर, तब्येत बरी आहे ना? घरात कुणी असेल तर फोन द्या बघू त्यांच्याकडे."