दहा भोपळ्यांची प्रसिद्धी मोहीम

कोणतीही कला टिकायची असेल, तर तिला आधी समिती लागते.

रहिमतपुरातल्या पीरमहंमद चाचांना हे वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी कळले. तोवर ते नुसत्याच एकताऱ्या बनवत होते. दोन्ही मुले पुण्यात एसी दुरुस्त करतात आणि चाचांचा उजवा हात अलीकडे थरथरतो. वाळलेल्या भोपळ्याला तडा न जाऊ देता भोक कसे पाडायचे, हे हात चालतोय तोवर कुणाला तरी दाखवून ठेवावे, एवढेच त्यांच्या मनात होते. त्यासाठी त्यांनी दहा भोपळे वर्षभर माळ्यावर वाळवले आणि वाचनालयाची खोली मागितली.

वाचनालयाचे अध्यक्ष, निवृत्त सुभेदार लालासाहेब, यांनी ती लगेच दिली. अट एकच : रविवारी सकाळी दहाला दहा माणसे हजर हवीत, नाहीतर वर्ग रद्द. (वाचनालयात रोज सरासरी तीन माणसे असतात, पैकी दोन पंख्यासाठी. वाचनालयाला ही अट लागू नाही.)

"आवं चाचा, तुमी फकस्त भोपळं सांभाळा," लालासाहेब म्हणाले. "गर्दी आमी आणतो."

स्वतःला धरून त्यांनी नऊ जणांची प्रसिद्धी समिती नेमली. फ्लेक्ससाठी तीन बैठका झाल्या. चाचांनी भोपळ्याचा फोटो दिला होता.

"भोपळा लावला तर लोकं पिशव्या घिऊन येतील, चाचा," सदस्य जयराज म्हणाले. म्हणून गिटार लावली. वर फोन कानाला लावलेले लालासाहेब, बाजूला काळ्या चष्म्यातले आठ सदस्य, खाली एकतीस शुभेच्छुक. गिटारीच्या मागे चाचांची टोपी दिसत होती. वार, वेळ आणि ठिकाण यांना जागा उरली नाही.

"लोकास्नी कळंल कसं, कवा यायचं त्ये?" चाचांनी विचारले.

"आवं, सगळ्यास्नी म्हाईतच हाय की!"

मग तोच फ्लेक्स मोबाईलवर शेहेचाळीस ग्रुपांत गेला, आणि मोहिमेला खरे यश आले. अंगठे ६४०. जोडलेले हात २११. लालासाहेबांना वाढदिवसाच्या शुभेच्छा १४. प्रमाणपत्र घरपोच मिळेल का, अशी विचारणा ९. शिवाय मेसेज वाचणाऱ्या प्रत्येकाला त्याची गरज असलेला दुसरा माणूस आठवला. डॉक्टरांनी तो शिक्षकांना पाठवला, शिक्षकांनी पालकांना, पालकांनी ज्यांची मुले रिकामी बसतात अशा शेजाऱ्यांना. कोरेगाव, औंध, सांगली करत तो सीमेवरच्या एका चौकीपर्यंत गेला आणि शनिवारी दुपारी चाचांच्या फोनवर येऊन पोचला. खाली ओळ होती : 'चाचा, तुमच्या आवडीचं दिसतंय. जाऊन या.' पाठवणारे लालासाहेब.

रविवारी दहाला चाचांनी दहा भोपळे सतरंजीवर मांडले. फोटो काढायला समितीचे नऊही सदस्य आले. आणि समोर भाजी विकणाऱ्या अंबूबाई आल्या. त्यांना वाचता येत नाही, फोनही नाही. चाचा नमुन्याच्या एकतारीची तार लावत होते, तो आवाज ऐकून त्या उठल्या होत्या.

चाचांनी माणसे दोनदा मोजली. "दहा झाली की, लालासाहेब!"

"आवं, आमी आयोजक हाय. आयोजकानं शिकायचं नसतंय."

तेव्हा उपस्थिती एक धरून वर्ग रीतसर रद्द झाला. खोली हातात होतीच, म्हणून तिथेच प्रसिद्धी यशस्वी केल्याबद्दल समितीचा सत्कार झाला. गुच्छ आणले नव्हते. समोर भोपळे होते. प्रत्येक सदस्याला एक देण्यात आला. ("वरीसभर वाळवलेत ओ," चाचा म्हणाले. "म्हंजी टिकाऊ हायत," जयराज म्हणाले.)

दहावा भोपळा उचलून चाचा बाहेर पायरीवर बसले. अंबूबाई शेजारी बसल्या. त्यांनी भोपळ्यावर टिचकी मारली, कानाशी धरून हलवला.

"ह्यो वाळलाय बगा. आतलं बी वाजतंय."

"धरा घट्ट," चाचा म्हणाले.

भोक पाडताना चाचांचा हात थरथरला, पण भोपळा अंबूबाईंनी धरला होता. तडा गेला नाही.

आता वर्ग त्याच पायरीवर रोज पाच वाजता भरतो. चाचांनी नवे वेल लावले आहेत. नऊ जागा शिल्लक आहेत.

हे वाचताना तुम्हालाही कुणीतरी आठवले असेलच. त्यांना जरूर पाठवा. त्यांनाही तुम्हीच आठवाल.