रेशनचा अंगठा

आमच्या शेजारच्या चंद्राआत्याला देवाने दहा बोटं दिली आहेत, पण ती कामं नऊच बोटांनी करते. दहावं बोट, म्हणजे डाव्या हाताचा अंगठा, तिने रेशनसाठी राखून ठेवलं आहे.

राखून म्हणजे अगदी राखून. जुन्या धोतराच्या मऊ चिंधीत तो गुंडाळलेला असतो. आत दुधाची साय, नाहीतर खोबरेल, आणि सणाच्या दिवशी तूप. भांडी घासताना तो अंगठा वर उभा. धुणं पिळताना तो बाहेर. लसूण सोलायचा तर ती पाकळी दाताने फोडते आणि उजव्या हाताने सोलते. कुणी विचारलं तर म्हणते, "ह्यो माझा न्हाई बाई, सरकारचा हाय. मी नुसती सांभाळती."

ती माझ्या सासऱ्यांच्या भावकीतली. लग्न होऊन चार वर्षांत माहेरी परत आली, ती कायमची. भावाच्या वाड्याला लागून एका खोलीत एकटी राहते. गाव सगळं तिला आत्याच म्हणतं. मी महाळुंग्यात सून म्हणून आले तेव्हापासून आमचं अंगण आणि तिचं अंगण एकच. मी फारशी कुणाशी बोलत नाही. कुणी विचारलं तर हो किंवा नाही, एवढंच. त्यामुळे माझं बघणं जास्त होतं, आणि बघायला आत्यासारखं माणूस दुसरं नाही.

या अंगठ्याची सुरुवात कांद्यापासून झाली. आत्या उन्हाळाभर कांदा काटणीला जाते. विळ्याने पात कापायची, माती झटकायची, पुन्हा पुढचा कांदा. दोन महिन्यांत तिच्या उजव्या अंगठ्यावरच्या रेघा अशा गेल्या की रेशनच्या मशीनने त्याला ओळखच दाखवली नाही. तीनदा लावला, तिन्ही वेळा लाल दिवा. दुकानदार पारसशेठ म्हणाले, "आत्या, डावा लावून बघा." डावा लावला आणि हिरवा दिवा लागला. त्या दिवशी आत्या पिशवी घेऊन घरी आली ती डावा अंगठा वर धरूनच. उजवा कामाला, डावा सरकारला, अशी तिने वाटणी करून टाकली.

तिला भीती एकाच गोष्टीची. रेशन बंद झालं तर भावाच्या दारात पातेलं घेऊन उभं राहावं लागेल. भाऊ देईल, त्याचं काही नाही. पण वहिनी पातेल्यात तांदूळ घालताना चार घरांना ऐकू जाईल असं घालते. एकदा तसं झालेलं आहे. "पुन्यांदा न्हाई," आत्या म्हणते. "उपाशी झोपीन, पर ते पातेलं न्हाई." अंगठा आहे म्हणून पातेलं नाही, एवढा तिचा साधा हिशेब.

मग तो अंगठा गावात माणसासारखा वावरू लागला. आत्या रस्त्याने निघाली की पिठाच्या गिरणीवरचा माणूस ओरडणार, "आत्या, अंगठा बरा हाय का?"

"बरा हाय. जरा उन्हानं तापलाय."

"टोपी घाला की त्याला!"

"शिवायला टाकलीया!"

पारावरच्या म्हाताऱ्यांनी तर त्याला पावणं म्हणायला सुरुवात केली. "आलं का पावणं? बसा पावणं!" आत्या हसत नाही. ती चिंधी नीट करते आणि म्हणते, "पावण्याला घाई हाय," आणि पुढे जाते.

कळंबला माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. फोटोवाल्याने आम्हा बायकांना ओळीत उभं केलं. आत्याचा अंगठा नेहमीसारखा वर. फोटोवाला खूश झाला. "आजी एकदम झकास! सगळ्यांनी आजींसारखा अंगठा दाखवा!" त्या फोटोत आम्ही चौदा बायका अंगठे वर करून उभ्या आहोत. नवरी बिचारी मध्ये गोंधळून बघतेय.

ओझरला गणपतीला गेलो तेव्हा मी तिच्या शेजारीच होते. तिने हात जोडले, पण डावा अंगठा बाजूला काढून. डोळे मिटून म्हणाली, "देवा, नऊ बोटांचा नमस्कार घे. दहावं कामावर हाय. राग मानू नगं."

एकदा ती सरकारी दवाखान्यात गेली. सोबतीला मला नेलं. नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या, पोरसवदा. त्यांनी चिंधी सोडली, अंगठा उलटून पालटून पाहिला, दाबून पाहिला.

"आजी, दुखतोय का?"

"न्हाई."

"सूज? आग?"

"कायबी न्हाई."

"मग झालंय काय याला?"

"झालं न्हाई म्हनूनच आले. हूं नये म्हनून काय लावू, ते सांगा."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. त्यांनी तिचं बीपी तपासलं, तर ते चांगलंच चढलेलं. गोळ्या लिहून दिल्या, फुकट मिळाल्या. मीठ कमी करा, पालेभाजी रोज खा, असं समजावून सांगितलं. आत्या ऐकून घेतलं न घेतलं करून म्हणाली, "ते बीपीचं बगू वो. ते काय रेशनचं मशीन मागत न्हाई."

पालेभाजीचं मात्र तिला सांगायची गरज नव्हती. तिच्या दाराशी तेलाचे जुने डबे मांडलेले आहेत, त्यात शेपू, चाकवत, मेथी, मधेच एखादी मिरची. ती भाजी खुडते कातरीने, अंगठ्याला त्रास नको म्हणून. जास्तीची भाजी शेजारीपाजारी वाटते, आणि ती घेणारा प्रत्येकजण आधी विचारतो, "अंगठा कसाय आत्या?" मग ती त्याला सविस्तर सांगते.

गेल्या वर्षी गावात दवंडीसारखी बातमी फिरली. रेशन कार्डावरच्या प्रत्येकाने दुकानात जाऊन पुन्हा अंगठा द्यायचा, महिनाअखेरपर्यंत दिला नाही तर नाव कमी. आमच्या कार्डावर सात नावं. एक राहिलं तरी बाकी सहा आहेत. आत्याच्या कार्डावर एकच नाव, तिचं. ते गेलं की कार्डच गेलं. धान्य गेलं, आणि मोठ्या दवाखान्यात कधी जायची वेळ आली तर कार्डावर फुकट होणारे उपचारही गेले.

आत्याने आठ दिवस आधी काम बंद केलं. मजुरी सोडली. ओट्यावर पाय पसरून बसली, अंगठा उशीवर. दिवसातून तीनदा सायीचा लेप, वरून तूप. परीक्षेला बसणाऱ्या पोराची आई करणार नाही एवढी त्याची निगा. बायका येता जाता बघायला थांबायच्या. वहिनीसुद्धा एकदा वाटीभर साय ठेवून गेली. आत्याने ती लावली, पण बघत होती भिंतीकडे.

ठरल्या दिवशी आम्ही दोघी सकाळीच दुकानात गेलो. ओळ मोठी होती, पण लोकांनी आपणहून वाट दिली. "सोडा, पावण्याला पुढं सोडा!"

आत्याने चिंधी सोडली. अंगठा बघून मीच चकित झाले. गोरापान, मऊ, फुगलेला. तिने तो पदराला पुसला आणि काचेवर ठेवला.

लाल.

पुन्हा ठेवला. लाल.

पारसशेठनी चष्मा लावून अंगठा जवळ घेतला. "आत्या, याच्यावर रेघच राहिली नाही! एवढं तूप पाजलंत, हा तर तळून काढलेल्या पुरीसारखा झालाय. मशीन धरणार कशाला?"

मग सगळी ओळ डॉक्टर झाली.

"पीठ लावा, पीठ! तूप खेचून घेईल."

"मातीत घासा जरा."

"फुंकर घाला मशीनवर, त्याला थंडी वाजत असंल."

पीठ झालं, माती झाली, साबण झाला. लाल तो लालच. आत्याचा चेहरा उतरला. ती कुणाकडे बघेना. मला माहीत होतं, तिला आता ते पातेलं दिसत होतं.

पारसशेठ म्हणाले, "दुसरं बोट लावा की. कुठलंही चालतं."

"न्हाई," आत्या म्हणाली. "ती कामाची बोटं हायती. त्यांच्यावर काय ऱ्हायलंय?"

"अहो, लावून तर बघा!"

तिने हात पदराखाली लपवला. मग काय झालं कुणास ठाऊक, मी पुढे झाले, तिचा उजवा हात पदरातून काढला आणि मधलं बोट काचेवर दाबलं. भेगा पडलेलं, नखात माती, कांद्याने काळं झालेलं बोट.

हिरवा दिवा लागला.

दुकानात असा ओरडा झाला की समोरच्या चहावाल्याने काय झालं म्हणून धाव घेतली. पारसशेठनी सगळ्यांना एकेक गुळाचा खडा वाटला. "बघा आत्या, ज्याला कामाला लावलं त्यानंच तुमचं नाव राखलं, आणि ज्याला तूप चारलं तो बसला रुसून!" आत्या हसून हसून खाली बसली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते हसण्याचं की कसलं, ते मी विचारलं नाही.

आता चिंधी सुटली असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आत्या ओट्यावर, अंगठ्याला नवी चिंधी, वर साय.

मी चूल पेटवता पेटवता थांबले. "आता कशाला वो आत्या? आता तर कुठलंबी बोट चालतंय."

तिने गाठ मारली, दाताने ओढून घट्ट केली. इकडे तिकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "राहू दे गं सुमन. मला कोन ईचारतं? अंगठ्याला समदं गाव ईचारतं."

मी घरात आले, पीठ मळलं, भाकरी थापल्या. पण ते वाक्य काही जाईना. एवढ्या वर्षांत एका अंगणात राहून मी तिला आपणहून काय विचारलं होतं, ते आठवायला लागले. एकही गोष्ट आठवली नाही.

दुपारी मी आमच्या उंबऱ्यावर उभी राहिले. एवढ्याशा बोलण्याला किती धीर लागतो, ते माझ्यासारखीलाच कळेल.

"आत्या," मी म्हटलं, "आज कालवण काय केलंय?"

तिने वर बघितलं. आधी तिला वाटलं मी दुसऱ्या कुणाला विचारलं. मग तिने बसल्या जागी मला सरकून जागा केली.

"काय करनार गं एकटीला? घेवडा केला. पर बग, घेवडा असा चिरायचा, बारीक न्हाई. त्यात दान्याचं कूट, पर आधी लसूण, लसूण करपू द्यायचा न्हाई..." ती सांगत राहिली. घेवड्यावरून आईच्या हातच्या हुलग्याच्या पिठल्यावर गेली, तिथून लहानपणी चुलीशी भाजलेल्या हाताच्या खुणेवर, तिथून पुन्हा घेवड्यावर. दोन्ही हातांनी हवेत चिरत होती, ढवळत होती, चिमूटभर मीठ टाकत होती. चिंधी केव्हाच सुटून खाली पडली होती. तिला ते कळलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.