साहेबांच्या कोटावरचं अंडं

सकाळी नऊ वाजता मास्तरांच्या शिवणाच्या दुकानात दोन गोष्टी तयार होत्या. एक, तळ्यावरच्या मोठ्या साहेबांचा हिरवा कोट. त्याची फक्त दोन बटणं राहिली होती. दुसरी, मास्तरांची बायको. तिने पायात चपला घातल्या होत्या आणि हातात छत्री धरली होती.

"आज बोटीत बसवणार होतात," ती म्हणाली.

"बसवणार की. एवढी दोन बटणं लावली की निघालोच."

"मागच्या वर्षी एवढं अस्तर राहिलं होतं. त्याच्या आधी एवढी कॉलर राहिली होती. एकतीस वर्षं झाली, अहो. तळं आटायच्या आत तरी चला."

मास्तरांनी शिवलेला कपडा कधी उसवत नसे आणि कधी वेळेवर मिळतही नसे. जुनी माणसं हे समजून घेत. नवी माणसं तयार कपड्यांच्या दुकानात जात. गेल्या दोन महिन्यांत मास्तरांकडे आली होती ती फक्त पँट तळाशी दुमडून घेणारी माणसं. दुकानाचं शटर आता कायमचं खाली ओढायचं की काय, हा विचार रोज सकाळी शटर वर ढकलतानाच त्यांच्या मनात येई.

अशात साहेबांचा कोट आला. साहेबांनी काल दुकानात उभं राहून स्पष्टच सांगितलं होतं, "मास्तर, उद्या पाचला माझा सत्कार आहे. चारच्या आत कोट माझ्या ताब्यात आला, तर तळ्यावरच्या बावीस पहारेकऱ्यांचे गणवेश तुमचे. चार वाजून एक मिनिट झालं, तर ते काम तयार कपडेवाल्याकडे गेलं म्हणून समजा."

साहेबांचा सत्कार होता तुरेवाल्या टिबुकलीसाठी. हा डोक्यावर तुरा असलेला, सारखा बुड्या मारणारा पाणपक्षी तळ्यावरून नाहीसा झाला होता. तो साहेबांनी परत आणला, असं सत्काराच्या पत्रिकेत छापलं होतं. प्रत्यक्षात एकच जोडी आली होती, आणि तीही स्वतःहून.

मास्तरांनी डोकं चालवलं. साहेबांचं ऑफिस तळ्याच्या पलीकडच्या काठावर होतं. बायकोला बोटीत बसवायचं, बोट पलीकडे न्यायची, वाटेत बटणं लावायची आणि कोट द्यायचा. बायकोची हौसही होईल आणि वेळही पाळली जाईल. इतका व्यवस्थित बेत त्यांनी आयुष्यात केला नव्हता. निघता निघता नेहमीप्रमाणे दुपारचे दोन वाजले ती गोष्ट वेगळी.

बोट पायाने पायडल मारून चालवायची होती. दोन माणसांनी शेजारी बसायचं आणि मागे सामान ठेवायला एक सपाट फळी. मास्तरांनी कोट त्या फळीवर नीट पसरला, एक बाही पुढे आपल्या मांडीवर ओढून घेतली आणि सुईत दोरा ओवला.

"म्हणजे पायडल मी एकटीने मारायचं?" बायकोने विचारलं.

"तुझ्या पायात जोर आहे."

"जीभही आहे," बायको म्हणाली आणि पायडल मारू लागली. तरीही थोड्या वेळाने तिचा चेहरा निवळला. पाणी हिरवंगार होतं. एका ओंडक्यावर सात कासवं ओळीने ऊन खात बसली होती. काठावरच्या पायवाटेने फिरायला आलेले लोक लहान लहान दिसत होते. "किती छान आहे हो," ती म्हणाली. मास्तर "हूं" म्हणाले. त्यांचं लक्ष पहिल्या बटणात होतं.

बटण लागलं आणि बोट थांबली. बायको आजूबाजूचं बघत राहिली होती आणि मास्तर बटणाकडे, त्यामुळे समोर कोणीच बघितलं नव्हतं. बोट जलपर्णीच्या दाट गालिच्यात रुतली होती. दोघांनी मिळून पायडल मारलं तेव्हा ती आणखी आत गेली.

"आता?"

"आता ढकलत ढकलत निघू," मास्तर म्हणाले आणि कोट सांभाळायला मागे वळले. फळीवर एक पक्षी बसला होता. डोक्यावर तुरा, लाल डोळे. चोचीत भिजलेलं गवत होतं. त्याने ते कोटाच्या छातीवर ठेवलं, पाण्यात उतरला आणि आणखी गवत घेऊन आला.

आता हा दोष पक्ष्याचा म्हणता येणार नाही. कोटाचा रंग साहेबांनीच निवडला होता. 'मी तळ्यात उभा राहिलो तर तळ्यासारखाच दिसलो पाहिजे,' असं ते म्हणाले होते. मास्तरांनी तीन दुकानं फिरून अगदी जलपर्णीचा रंग शोधला होता. पक्ष्याने तो पसंत केला.

"हुश!" मास्तर म्हणाले.

पक्षी कोटावर फतकल मारून बसला, अंग फुगवलं, थोडा विचार केल्यासारखं केलं आणि उठला. साहेबांच्या वरच्या खिशाशेजारी एक पांढरं अंडं होतं.

मास्तरांनी घाबरून बाही ओढली. त्याबरोबर काठावरून कर्कश शिट्टी वाजली. "हलू नका! कोणीही हलू नका!" एक पहारेकरी वल्ह्याची बोट घेऊन इतक्या जोरात आला की त्याची टोपी मागे पाण्यात पडली. ती घ्यायलाही तो थांबला नाही.

"टिबुकलीचं अंडं!" तो धापा टाकत म्हणाला. "मास्तर, नियम सात. घरटं हलवू नये, घरटं ज्यावर आहे ती वस्तू हलवू नये."

"अरे, हा कोट आहे साहेबांचा!"

"होता. आता घरटं आहे."

"आणि आम्ही?" बायकोने विचारलं.

पहारेकऱ्याने बोटीकडे नीट बघितलं. "तुम्ही दोघं बसलात म्हणून बोट सरळ आहे, काकू. एक जरी उठला तरी ती कलंडेल आणि अंडं पाण्यात जाईल. तुम्हालाही हलता येणार नाही."

"किती वेळ?"

"पिल्लू बाहेर यायला चार आठवडे लागतात."

बायको शांतपणे म्हणाली, "एकतीस वर्षांनी बोटीत बसवलंत. आता उतरवणारही नाही का?"

मास्तरांनी घड्याळ बघितलं. तीन वाजले होते. त्यांनी साहेबांना फोन लावला.

"साहेब, कोट झालाय. पण त्याच्यावर पक्ष्याने अंडं घातलंय."

पलीकडून साहेबांचा आवाज आला, आणि तो इतका मोठा होता की बोटीतल्या सगळ्यांना ऐकू आला. "मास्तर, माझ्या पँटच्या वेळी माकडाने टेप पळवली, मी ऐकलं. सफारीच्या वेळी मशीनला ताप आला म्हणालात, तेही ऐकलं. तुमच्या सासूबाई वारल्या, मी दुःख व्यक्त केलं. दोन महिन्यांनी त्या पुन्हा वारल्या, तेव्हाही मी गप्प बसलो. पण हे अती झालं!" फोन बंद झाला.

बायको हळूहळू मास्तरांकडे वळली. "माझी आई वारली?"

"अगं, ते आपलं बोलण्याच्या ओघात..."

"दोनदा?"

"पहिल्यांदा सदरा होता. दुसऱ्यांदा जाकीट."

"आई काल फोनवर तासभर माझ्याशी भांडली! आणि तुम्ही तिला जाकिटासाठी..." बायकोने रागाने छत्री उचलली. बोट डुलली. टिबुकली फिस्कारली. पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली. बायकोने छत्री खाली ठेवली आणि मग जागची जराही न हलता जे काही बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. पहारेकरी सभ्यपणे दुसरीकडे कासवं मोजत राहिला.

तेवढ्यात टिबुकलीने दुसरं अंडं घातलं. एवढ्या लगेच दुसरं अंडं घालायची या पक्ष्याची रीत नाही, असं पहारेकरी म्हणाला. पण काकूंचं बोलणं ऐकून तिलाही घाई झाली असावी.

मास्तरांनी पहारेकऱ्याला हात जोडले. "तू सांग साहेबांना. तुझ्यावर विश्वास ठेवतील."

पहारेकऱ्याने फोन केला. साहेब म्हणाले, "तुझा गणवेश मास्तर फुकट शिवणार आहेत का?" मग बहुधा त्यांनाच राहवलं नसावं. साडेतीनला ते दुसऱ्या एका बोटीत बसून स्वतः आले. अंगात पांढरा शर्ट होता, गळ्यात टाय होता आणि कोटाची जागा रिकामी होती. मास्तरांना चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

"दोन अंडी," ते कुजबुजले. "सहा वर्षांत पहिल्यांदा." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि डोळ्यांतलं पाणी आटलं. "पाचला सत्कार आहे. हळूच... अगदी हळूच जर कोट खालून सरकवला..."

"साहेब, नियम सात," पहारेकरी म्हणाला. "खाली सही तुमचीच आहे."

"मला माहीत आहे माझी सही!"

"आणि एक बटण अजून राहिलंय," मास्तर प्रामाणिकपणे म्हणून गेले. बायकोने कपाळावर हात मारला, अर्थात हळूच.

"म्हणजे कोट तयारच नाही!" साहेब म्हणाले. हा राग काढायला त्यांना बरी जागा सापडली. "पक्षी बसो नाहीतर हत्ती बसो. चार वाजता कोट पुरा नसेल तर गणवेश विसरा."

चारला दहा मिनिटं होती. मास्तरांनी पहारेकऱ्याला विचारलं, "घरट्याला बटण लावू नये असा काही नियम?"

पहारेकऱ्याने मनातल्या मनात सगळे नियम म्हणून पाहिले. "हलवू नये एवढंच आहे."

राहिलेलं बटण दुसऱ्या बाहीचं होतं, आणि ती बाही टिबुकलीच्या शेपटीखालून जराशी बाहेर आली होती. मास्तर जागच्या जागी अर्धे वळले. बाही न उचलता, बोटाने न चाचपता, त्यांनी सुई वरूनच कापडात घातली. टिबुकलीने मान लांब करून त्यांच्या अंगठ्याकडे बघितलं. मास्तर थांबले. ती बघत राहिली. मास्तरांनी दुसरा टाका घातला. तिने अंगठ्यावर चोच मारली. मास्तरांनी ओठ आवळले, पण हात हलू दिला नाही. साहेबांनी श्वास रोखला होता. बायकोने एका हाताने मास्तरांचा सदरा घट्ट धरला होता, आणि दुसऱ्या हाताने त्यांना दिसेल असं घड्याळ. चौथ्या टाक्यानंतर मास्तरांनी दोऱ्याला गाठ मारली, तोंड खाली नेलं आणि टिबुकलीच्या चोचीपासून दोन बोटांवर दोरा दाताने तोडला.

"साहेब," ते म्हणाले, "चारला तीन मिनिटं कमी आहेत. कोट पुरा झाला. हा तुमच्यासमोर आहे. ताब्यात घ्या."

साहेबांनी कोटाकडे बघितलं. शिलाई अप्रतिम होती. अंडी सोडली तर कोटावर बोट ठेवायला जागा नव्हती. "घेतला," त्यांना म्हणावंच लागलं.

"मग कोट तुमचा झाला," बायको पटकन म्हणाली. "तो सांभाळायचंही तुम्हीच बघा. आम्हाला उतरवा."

"पण बोट कलंडेल त्याचं काय?" पहारेकऱ्याने विचारलं.

इथे मास्तरांची तीस वर्षांची विद्या कामाला आली. त्यांनी साहेबांना डोळ्यांनीच वरपासून खालपर्यंत मापलं. "छाती चव्वेचाळीस, पोट पन्नास. आम्ही दोघं मिळून बरोबर एवढेच भरू. साहेब मधोमध बसले तर अंडी जागची हलणार नाहीत."

बाकी काही इलाज नव्हता. एका बाजूने साहेब जसजसे आत सरकले, तसतसे दुसऱ्या बाजूने मास्तर आणि बायको वल्ह्याच्या बोटीत सरकले. बोट केसभरही हलली नाही. पहारेकऱ्याने सांगितलं की साहेबांच्या वजनाची वाळूची पोती भरून आणायला दोन तास तरी लागतील.

साहेबांनी सत्काराच्या पाहुण्यांना फोन लावला. "मी येऊ शकत नाही. मी बोटीत आहे... नाही, कोटावर अंडी आहेत... हो, माझ्याच... नाही नाही, माझी नव्हे, पक्ष्याची... मी थट्टा करत नाही हो!" पाहुण्यांनी फोन ठेवला. साहेबांनी पुन्हा लावला. पाहुणे म्हणाले की कार्यक्रमाला यायचं नसेल तर तसं सरळ सांगा, आम्ही काय लहान मुलं आहोत का?

साहेब रडकुंडीला आले. मास्तरांना त्यांची दया आली, कारण त्या जागी ते अनेकदा उभे राहिले होते. पण बायकोने हात लांब करून फोन मागून घेतला.

"मी शिवणाच्या मास्तरांची बायको बोलतेय," ती म्हणाली. "माझा नवऱ्याच्या शब्दावर काडीचा विश्वास नाही. तुमच्या साहेबांची आणि माझी आजच ओळख झाली. पण अंडी मी माझ्या डोळ्यांनी बघितली आहेत. दोन आहेत. हार घेऊन इकडेच या, आणि टाळ्या वाजवू नका."

अर्ध्या तासात पाहुणे आले. साहेबांचा सत्कार शर्टावरच झाला, अगदी हळू आवाजात, आणि सगळ्यांनी नुसती बोटं हलवली. नंतर साहेबांनी मास्तरांना जवळ बोलावलं. "शब्द म्हणजे शब्द. बावीस गणवेश तुमचे. पण कागद मी बाईंच्या नावाने करणार. कपडे तुम्ही शिवा. तारखेचं यांनी बघायचं."

परत जाताना बायकोला बोट नको होती. दोघं काठाच्या पायवाटेने चालत निघाले.

"कधीची तारीख दिलीस?" मास्तरांनी भीत भीत विचारलं.

"तीन आठवडे."

"तीन आठवड्यांत बावीस जोड? अगं, कापडच आठ दिवस मिळत नाही."

"ते उद्या सकाळी येतंय. मी फोन केला."

"मशीनचा पट्टा सैल झालाय."

"परवा बदललाय. मीच बदलून आणला."

मास्तरांनी डोळे अधू झाल्याचं सांगून पाहिलं, पाठ धरल्याचं सांगून पाहिलं, बावीस हा आकडा कसा वाईट असतो तेही सांगून पाहिलं. बायको शांतपणे बगळे बघत चालत होती. तळ्याची अर्धी फेरी होईपर्यंत मास्तरांजवळची सगळी कारणं संपली. असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं. मोकळं मोकळं वाटत होतं आणि थोडं थंडही.

पुढच्या बाकावर एक पहारेकरी हात पसरून गाढ झोपला होता. मास्तर थांबले. त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि त्याच्या खांद्याला लावली. बायकोने छत्री बगलेत धरली आणि पिशवीतून पेन्सिल काढली.

पहारेकऱ्याने एक डोळा उघडला. टेप बघून त्याला सगळं कळलं. तो अर्धवट झोपेतच म्हणाला, "मास्तर, कधी देणार?"

मास्तरांचं तोंड सवयीने उघडलं. त्यांनी बायकोकडे बघितलं आणि ते म्हणाले,

"खांदा अठरा. लिही."