जानेवारीतल्या घामोळ्या

जानेवारीत घामोळ्या झालेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या भिंतीपलीकडे राहतो. भाऊराव टेलर. यंदा आमच्या सौंसरात थंडी अशी होती, की बस स्टँडवरचा उकळता चहा गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत त्याचं सरबत व्हायचं. अशा थंडीत हे गृहस्थ बनियनवर, गळ्यात मापाची टेप, पाठीवर पावडरचा थर, कपाळाचा घाम निपटत कुंपणापाशी उभे.

"लय गरमी हाय जी, मास्तर."

कारण परसातलं पन्नीचं घर. दिवाळी झाल्यावर भाऊरावांनी बांबू उभे केले, वरून प्लॅस्टिक ताणलं, आत काकडीच्या चाळीस वेली लावल्या आणि प्रत्येकीला चढायला वरच्या तारेपासून एकेक सुतळी सोडली. काकडीला ऊब लागते, म्हणून हा थाट. आमच्याकडे मे महिन्यात सावलीसुद्धा सावली शोधत फिरते. त्या गावात एक माणूस गरमी साठवायला घर बांधतो, ही बातमी पांढुर्ण्यापर्यंत गेली. तिकडून दोन संत्रावाले खास पाहायला आले. आत शिरले स्वेटर घालून. बाहेर आले तेव्हा स्वेटर खांद्यावर आणि माणशी दोन किलो वजन कमी.

भाऊरावांची शेतीही शिंप्याचीच. काकडीला टेप लावायची, पेन्सिल कानावर चढवायची आणि म्हणायचं, "कंबर साडेपाच. अजून भरू द्या." एकदा तर ताप मोजायचा थर्मामीटर मातीत खुपसला आणि निदान केलं, "मातीले ताप नाही. उलट थंडी वाजून राहिली तिले." आणि स्वतःच्या अंगावरची शाल वाफ्यावर पांघरली.

पण या नामांकित टेलरच्या स्वतःच्या सदऱ्याला वरून दुसरं बटण नव्हतं. तिथं सेफ्टी पिन. साऱ्या बाजारानं विचारून झालं, "भाऊराव, दुनियेचे कपडे शिवता, तुमचं बटण काऊन नाही?"

"ते आपलं डिपार्टमेंट नाही जी."

ते डिपार्टमेंट काकूंचं, म्हणजे भाऊरावांच्या बायकोचं. दुकानाची काजं-बटणं जन्मभर त्यांनीच केली. काज इतकं बारीक, की मुंगी त्यातून जाताना कंबर आवळून घ्यायची. गेल्या पावसाळ्यात काकूंना लकवा मारला. चालणं-बोलणं परत आलं. उजव्या हाताची मूठ मात्र मिटली ती मिटलीच. डॉक्टरनी दाबायला रबरी चेंडू दिला. म्हणाले, बोटं चालवली नाहीत तर अशीच राहतील, आणि हात थंडीत ठेवू नका. काकूंनी तो चेंडू डाव्या हातानं थेट माझ्या अंगणात भिरकावला. "मी काय पोट्टी हाव, चेंडू खेळाले?" जामसांवलीच्या मारुतीलाही नेऊन आणलं. काकू पाया पडल्या, घरी आल्या आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसल्या. कोणी बोलवलं तर एवढंच म्हणायच्या, "आता मी कोणत्या कामाची."

आणि अशा वेळी नवरा काकड्या लावतो. खरं सांगतो, वेलींना काकड्या लागेपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. पहिली काकडी त्यानं मला दिली, तेव्हा बोललो.

काकडीच्या वेलीचा शेंडा रोज हळूच सुतळीभोवती गुंडाळावा लागतो, नाहीतर ती जमिनीवर लोळते. एवढं सोपं काम भाऊरावांना जमेना. चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवणारा माणूस, पण शेंडा हातात धरला की मोडलाच. मोडला की खाटेवर ऐकू जाईल असं हळहळायचे. तिसऱ्या दिवशी काकू पाय ओढत परसात आल्या.

"अवो, वेल हाय का बकरी? कसायासारखी काय धरून राहिले? सरका तिकडं."

"मले नाही जमत वं."

"तुमाले जन्मात काय जमलं?"

डाव्या हातानं वेल उचलली, उजव्या हाताची दोन बोटं कशीबशी उघडून सुतळीला अडकवली. पहिल्या वेढ्याला दहा मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी त्या उबेत एक खुर्ची आली. मग रोज सकाळी पन्नीच्या घरातून चाळीस वेढे आणि चाळीस शिव्या.

एकदा काकू आंघोळीला गेल्या असताना मी काकडी मागायला गेलो. पाहतो तर भाऊराव काकूंनी गुंडाळलेल्या वेली सुतळीवरून सोडवत होते. एक पान न दुखवता. फाटलेला रेशमी शालू उसवावा तसे. मला वाटलं, गरमी डोक्यात गेली.

"भाऊराव, काय करून राहिले जी?"

"हळू बोला. काल तिनं साऱ्या गुंडाळल्या. आज तिले काम नको?" पुढची वेल सोडवत म्हणाले, "चेंडू तिनं फेकून देल्ला. वेल कशी फेकन?"

तेवढ्यात काकू दारात. "सुटल्या का पुन्हा? सुतळी बी तुमच्यासारखीच ढिली."

भाऊरावांनी मान खाली घातली, आणि जाता जाता एक शेंडा मोडला.

शिमग्याच्या सुमारास भाऊराव माझ्या दारात उभे. अंगात धुवट पांढरा सदरा, छाती पुढं. सेफ्टी पिन गायब. तिथं बटण, लाल दोऱ्यानं लावलेलं, काजाच्या बोटभर खाली, त्यामुळे सदरा एका बाजूला कललेला.

"सुई मी ओवून देल्ली. लावलं तिनं. दोन दिवस लागले. मंग भर दुपारी घोरत झोपली जी." त्यांनी ते बटण चिमटीत धरून ओढून दाखवलं. "निघत नाही."

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि स्वतःच सगळं पिऊन टाकलं. मग म्हणालो, "चला, आता पन्नी उतरवाले मोकळे."

"छे जी. अजून लय काम हाय."

तेव्हा माझी नजर खाली गेली. त्या बटणाखाली चार बटणं असायची, तिथं आता चार सेफ्टी पिना होत्या. वरच्या खिशातून दाढीचं ब्लेड डोकावत होतं.

ते गेल्यावर मी कपाट उघडलं, त्यांनीच शिवलेला माझा नवा सदरा काढला, बाहीचं बटण ब्लेडनं उसवलं आणि काकूंकडे निघालो.