कोरेकाकांची ओटी

कोरेकाकांना कुणाच्या घरी पाणी दिलं, तर ते आधी पीत नाहीत. खिशातून बोटभर काचेची नळी काढतात, तिच्यात तांब्यातलं थोडं पाणी ओततात, दुसऱ्या खिशातल्या कुपीतले दोन-चार थेंब त्यात टाकतात आणि नळी खिडकीच्या उजेडात धरतात. पाणी पिवळं झालं, म्हणजे त्यात क्लोरीन आहे. मग "पिवळं आलं, प्या," असं यजमानालाच सांगतात, नळीतलं मोरीत ओततात आणि उरलेला तांब्या घटाघटा संपवतात. पिवळं नाही आलं, तर त्या घरी चहासुद्धा घेत नाहीत. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले होते, तिथं पाणी पिवळं आलं नाही. मुलगी सगळ्यांना पसंत होती. काकांनी "टाकी धुतल्यावर कळवा" म्हणून बैठक उठवली.

या तपासणीला ओ. टी. म्हणतात. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात काकांनी नोकरीभर तीच केली आणि निवृत्तीनंतर ती आमच्या गल्लीवर आली. नळाला पाणी यायच्या दिवशी ते सकाळपासून दारोदार फिरतात. समोरच्या घरी नवी सून आली होती. काका दारात उभे राहून म्हणाले, "ओटी करायचीय." ती आत गेली आणि खण, नारळ, तांदूळ असं ताट घेऊन पदर सावरत बाहेर आली.

"काकू कुठं आहेत?" तिनं विचारलं.

"ती कशाला? नळ कुठाय?"

हा किस्सा महादेवीकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, सगळ्यांना रंगवून सांगायच्या. शेवटी म्हणायच्या, "गावाच्या पाण्याची ओटी रोज चालती. माझी एकदा स्टेजवर भरू द्या की."

त्या स्टेजचाही इतिहास होता. एक संस्था दरवर्षी 'पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकी नेतृत्व पुरस्कार' देते. मानकऱ्याला शाल-श्रीफळ आणि त्याच्या पत्नीची ओटी. काकांच्या साहेबांना तो मिळाला, तेव्हा साहेबांच्या बायकोची ओटी भरताना काकूंनी पाहिली होती. तेव्हापासून काका दरवर्षी अर्ज करू लागले.

अर्जाचं शुद्धलेखन माझ्याकडे. मी निवृत्त मास्तर, शिवाय शेजारी. 'आपल्या नेतृत्वाखालील मनुष्यबळ किती?' या प्रश्नापुढे काकांनी लिहिलं होतं : 'एक. तोही रजेवर.' 'आपण इतरांना कोणती दिशा दाखवली?' याचं उत्तर होतं : 'उत्तर. टाकी तिकडं आहे.' मी यात एक वेलांटीसुद्धा बदलली नाही. नेतृत्वावर इतकं खरं मी फार कमी वाचलं आहे.

खरी अडचण दहा लाभार्थ्यांच्या पत्रांची होती. काकांच्या कामाचा लाभ म्हणजे लोक आजारी न पडणं. तेव्हा त्यांनी एक मसुदा केला : 'मला पाण्यामुळे जुलाब झाले नाहीत, सबब सही करतो.' तो घेऊन ते गल्लीभर फिरले. मी पेन काढलं, तर त्यांनी कागद मागे घेतला.

"तुमची नको, सर. मार्चमध्ये झाले होते की."

"ते सात रस्त्यावरच्या पाणीपुरीनं."

"पाणीपुरीत पाणी असतंय का न्हाई?"

असे ते खरेपणाला चिकट. सगळी गल्ली पालथी घालून नऊ सह्या मिळाल्या. दहावी काकूंनी केली. अर्ज परत आला. पुढच्या वर्षीही आला. काकूंनी ओटीसाठी घेतलेलं इरकल लुगडं कपाटात घडीवर घडी खात राहिलं.

दोन वर्षांपूर्वी काकू हृदयविकारानं गेल्या. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काका एकच सांगत होते, "पोटाची कसलीच तक्रार नव्हती." मला वाटलं, अर्ज आता थांबले. वेळ आली तसे काका पुन्हा कागद घेऊन दारात उभे.

आणि यंदा पत्र आलं : नेतृत्व पुरस्कार, उत्तेजनार्थ. नेतृत्वात उत्तेजनार्थ म्हणजे काय, हे मला अजून उमगलेलं नाही. खाली छापलं होतं, 'सपत्नीक उपस्थित राहावे.'

"काकूंचं संस्थेला कळवलं नाहीत?" मी विचारलं.

"अर्जात तसा रकाना नव्हता."

दुपारचा समारंभ होता. सोबत मी गेलो. स्टेजवर बसल्या बसल्या काकांनी प्रमुख पाहुण्यांच्या पेल्यातलं पाणी नळीत घेतलं, उजेडात धरलं आणि त्यांच्या कानाशी म्हणाले, "न्हाई आलं." पाहुण्यांनी पेला जो दूर सारला, तो पुन्हा जवळ घेतला नाही. पाण्याच्या भवितव्यावरचं त्यांचं भाषण कोरड्या घशामुळे लवकर आटोपलं. माझ्या मते काकांना पहिलाच पुरस्कार द्यायला हवा होता.

शाल झाली, श्रीफळ झालं. निवेदिका म्हणाली, "आता वहिनींनी पुढं यावं." एक बाई ताट घेऊन उभ्या राहिल्या.

"ती आली न्हाई," काका म्हणाले.

"बरं नाही का त्यांना?"

"पोटाची तक्रार न्हाई," काका म्हणाले. मग अंगावरच्या शालीचं टोक दोन्ही हातांनी पसरून पुढं धरलं. "ह्यात घाला की."

ताटवाल्या बाई गोंधळल्या. मागच्या रांगांत कुणीतरी हसलं. मग बाईंनी खण, नारळ आणि ओंजळभर तांदूळ शालीत घातले. काकांनी टोक घट्ट मुरगळलं आणि रिक्षात, घरी पोचेपर्यंत, सोडलं नाही. सन्मानचिन्ह मी धरलं होतं.

घरी कुलूप काढून ते सरळ माठापाशी गेले. शेजारी काकूंचं इरकल कपाटातून काढून ठेवलं होतं, त्यावर शालीतली ओटी सोडली. मग सवयीनं तांब्या भरला, नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले आणि खिडकीशी उभे राहिले. पाणी हळूहळू पिवळं झालं.

इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून 'प्या'च ऐकत आलो होतो. त्यांनी तांब्या इरकलाजवळ ठेवला.

"पिवळं आलं," ते म्हणाले. "पी."