सुदेशची अस्सल ढाल

“बाजारातला गोंद? छे! जुन्या काळी कुठे होता बाजारातला गोंद? माझी ढाल अस्सल होणार!” वर्तकनगरच्या सुदेशने घरात असं जाहीर केलं, आणि तिथेच सगळा घोळ सुरू झाला बघा!

जुन्या ढाल-तलवारीच्या लढाईचा सराव करणाऱ्या एका गटात सुदेश होता. होता म्हणजे, दोन वर्षं इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत होता बिचारा! पण आता गटाचे प्रमुख परशुरामसर म्हणालेले, “जुन्या पद्धतीची ढाल बनव. तीन घाव सोसले तिने, तर प्रात्यक्षिकात तूही लढायचं.” मग काय, स्वारी हवेत!

फळ्या जोडून झाल्या. त्यावर जुन्या धोतराचे चार थर द्यायचे आणि ते गव्हाच्या चिकाने चिकटवायचे. चीक शिजवणार कोण? त्याची बायको रसिका! दर उन्हाळ्यात निम्म्या बिल्डिंगच्या कुरडया तिच्याच हातच्या.

“अगं, घट्ट हवा हं!”

“मला शिकवू नकोस रे. तू फळ्या ठोक!”

गच्चीतल्या उन्हात ढाल वाळून टणक झाली. रविवारी आंबिवलीच्या मैदानात सरांनी लाकडी तलवार उगारली. खाड्! खाड्! खाड्! ढालीला साधा पोचासुद्धा नाही!

“वा रे पठ्ठ्या!” सर म्हणाले. सुदेशने ढाल झाडाला टेकवली आणि फोटोसाठी फेटा बांधायला घेतला.

तेवढ्यात मागून कर्रकर्र आवाज. बघतो तर चार बकऱ्या! दोन कड चावतायत, दोन धोतर ओढतायत.

“ए, हट्! हट्!” अर्धा फेटा लोंबकळत सुदेश धावला. ओढाताणीत धोतर बकऱ्यांकडे गेलं आणि त्याच्या हातात नुसत्या फळ्या राहिल्या.

सरांनी एक फळी हुंगली. “सुदेश, याला हिंगाचा वास येतोय!”

सुदेशने तिथूनच स्पीकरवर फोन लावला. “रसिका, चिकात काय काय घातलेलंस?”

“मीठ, हिंग. नेहमीसारखंच!”

“अगं, ती ढाल होती!”

“अरे देवा! हाताला सवय रे...” रसिकाचा आवाज रडवेला झाला. “आता लढू नाही देणार का तुला?”

सर पोट धरून हसत होते. “घाव सोसले ना तिने? मग लढायचं! नवी कर, फक्त मीठ बंद!”

प्रात्यक्षिकाच्या दिवशी त्याच मैदानात सुदेश खरंच लढला. ढालीत मिठाचा कणही नव्हता. रसिका पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होती. पण बकऱ्या काही त्याला विसरल्या नव्हत्या! चौघी गर्दीतून वाट काढत आल्या आणि शेवटपर्यंत त्याच्या मागे उभ्या राहिल्या. एवढं सैन्य तर परशुरामसरांच्याही मागे नव्हतं!